तेंच यंत्र कीं नवें?

एखादा भाग बदलल्यावर संगणक तोच राहतो काय, हा प्रश्न प्रथमदर्शनीं पोरकट वाटेल. परंतु ज्याच्या संगणकावर विंडोज ही कार्यप्रणाली कारखान्यांतूनच बसवून आलेली असते, त्यास मदरबोर्ड बदलल्यावर तो टाळतां येत नाहीं. विंडोजमध्यें २००१ सालीं एक्सपी या आवृत्तीबरोबर परवाना यंत्राच्या भागांवरून काढलेल्या खुणेशीं जखडण्याची पद्धति आली. २०१२ च्या आठव्या आवृत्तीपासून तर अशा परवान्याची किल्ली बहुधा मदरबोर्डावरच साठविलेली असते. बोर्ड गेला कीं किल्ली गेली, आणि पैसे भरलेला गृहस्थ आपल्याच घरांत परका ठरतो.

‘मिलिंदप्रश्न’ या पालि ग्रंथांत नागसेन यवन राजास विचारतो कीं, आंस म्हणजे रथ काय, कीं चाकें म्हणजे रथ? शेवटीं ‘रथ’ हें केवळ व्यवहारासाठीं दिलेलें नांव ठरतें. हें मान्य केलें तरी तो व्यवहार ठरवावयाचा कोणीं, हा प्रश्न उरतोच.

या बाबतींत मायक्रोसॉफ्टचा नियम विचार करण्यासारखा आहे. डिस्क बदला, स्मृति वाढवा, यंत्र तेंच. मदरबोर्ड बिघडला म्हणून त्याच जातीचा किंवा उत्पादकानें समतुल्य मानलेला बसविला, तरीही यंत्र तेंच. मात्र केवळ हौसेनें बदलला तर यंत्र नवें, व परवानाही नवा घ्यावयाचा. म्हणजे तादात्म्याचा निर्णय येथें वस्तूवरून होत नसून बदलणाराच्या हेतूवरून होतो!

हें हास्यास्पद आहे असें आम्हांस वाटत नाहीं. अशा परवान्याची किंमत कमी असते ती तो एका यंत्रापुरता असतो म्हणूनच. ती अट पत्करून सवलत घेणारानें मागाहून कुरकुर करूं नये. अडचण निराळीच आहे. यंत्रास आंकडे वाचतां येतात, हेतु वाचतां येत नाहीं. २०१६ पासून परवाना आपल्या खात्याशीं जोडून ठेवून ‘मीं नुकतेंच हार्डवेअर बदललें’ असें कळविण्याची सोय झाली आहे. ती प्रत्येक परवान्यास लागू पडत नाहीं, परंतु तिच्या मुळाशींही मालकाचा शब्दच आहे.

म्हणून आमच्या मतें येथें दोन कर्तव्यें उत्पन्न होतात. कोणी तपासणार नसतांही मालकानें खरें सांगावें. आणि नियम करणारानें तें, उलट पुरावा नसेल तोंवर, खरें मानावें. जेथें हेतु हीच कसोटी, तेथें नुसता संशय हा पुरावा होऊं शकत नाहीं. नाहीं तर चोर सोडून संन्याशास फांशी देण्याचाच तो प्रकार होईल.