राउटरपर्यंत पोचलं का?

संध्याकाळी घरातलं इंटरनेट बंद पडलं की पहिल्या मिनिटातच निकाल लागलेला असतो. बाबांच्या मते कंपनी चोर आहे, आजोबांच्या मते नातू काहीतरी भलतंच डाउनलोड करतोय, नातवाच्या मते राउटर भंगार आहे. लॅपटॉपच्या कोपऱ्यात ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ असं लिहिलेलं असतं, ते कुणी वाचलेलं नसतं. खरं तर निम्मं उत्तर तिथेच आहे. वायफाय लागलंय, अडलंय ते त्यानंतर कुठेतरी.

बिघाड कुठे आहे हे कळण्याआधी तो कोणाचा आहे हे ठरवून मोकळं व्हायची आपल्याला फार घाई. जाणकार माणूस मात्र जवळून लांब जात तपासतो. त्याचं हत्यार जुनं आहे. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत 1983च्या डिसेंबरमध्ये माइक म्यूस यांना तिथल्या नेटवर्कचं वागणं विचित्र वाटलं, म्हणून त्यांनी ‘पिंग’ नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुड्यांच्या ‘सोनार’ यंत्राच्या आवाजावरून त्याचं नाव पडलं. दूरच्या यंत्राला साद घालायची आणि ओ येते का ते बघायचं, एवढंच त्याचं काम. (गंमत अशी की पहिली साद जाण्याआधीच तो मूळ बिघाड दुरुस्त झाला होता.) आजही विंडोजच्या काळ्या खिडकीत ‘पिंग’ लिहून पुढे पत्ता टाकला की हेच घडतं.

पहिला पत्ता 127.0.0.1. हा लॅपटॉपचा स्वतःचाच. ओ लगेच येते आणि बरं वाटतं. पण ही साद यंत्राबाहेर पडतच नाही. वायफाय बंद करून ठेवलं तरी उत्तर हजर! आतलं सॉफ्टवेअर धड आहे, इतकंच त्यातून कळतं. ‘मी माझ्या मनाला विचारलं, माझं काही चुकलेलं नाही,’ असं सांगणारी माणसं मला या आकड्यावरून आठवतात. ती खोटं बोलत नसतात. त्यांचा प्रश्न उंबरठ्याबाहेर गेलेला नसतो, एवढंच.

दुसरा आकडा याहून बोलका आहे. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एकेक पत्ता वाटतो, बहुतेक घरांत 192.168ने सुरू होणारा. लॅपटॉपने मागूनही पत्ता मिळाला नाही, तर थोडा वेळ थांबून तो स्वतःच स्वतःला पत्ता देऊन टाकतो. हा 169.254ने सुरू होतो. त्यावरून बाहेरचं जग गाठता येत नाही. तरी मला हा आकडा प्रामाणिक वाटतो, कारण बघणाऱ्याला तो एका नजरेत सांगतो की लॅपटॉप आणि राउटर यांचंच अजून बोलणं झालेलं नाही. म्हणजे कंपनीला शिव्या घालायची वेळ आलेली नाही.

पत्ता नीट मिळाला असेल, तर पुढची साद राउटरला. त्याच्याकडून ओ आली की मग बाहेर पडायचं. गूगलचा 8.8.8.8 हा पत्ता त्यासाठी सोयीचा. आकड्याला ओ येते, पण नाव टाकलं की वेबसाइट उघडत नाही, तर रस्ता ठीक आहे. नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस यंत्रणा अडली आहे. त्याच वायफायवर मोबाइल नीट चालत असेल, तर संशय पुन्हा लॅपटॉपवर. कधीकधी लॅपटॉपवरची तारीखच चुकलेली असते आणि बँकेपासून वर्तमानपत्रापर्यंत प्रत्येक वेबसाइट त्याला असुरक्षित वाटू लागते. आणखी एक गोष्ट. काही यंत्रं पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, त्यांची रचनाच तशी केलेली असते. त्यामुळे ओ आली नाही एवढ्यावरून समोरचं बंद आहे असं ठरवता येत नाही.

हे सगळं सोडून आपण फोन लावतो. पलीकडची मुलगी विचारते, ‘सर, राउटर बंद करून चालू केला का?’ ‘हो हो, केलाय.’ सर खुर्चीतून उठलेलेही नसतात. हे खोटं इतकं किरकोळ वाटतं की त्याला खोटं म्हणायलाही कुणी तयार होणार नाही. पण मुलगी तो प्रश्न मिटवून पुढे जाते, तक्रार नोंदवली जाते, आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात कुणीतरी इमारतीच्या गच्चीवर चढून डबी उघडतो, केबल तपासतो. ती धडधाकट असते. घरात ॲडॅप्टरची पिन सैल झालेली असते. खोटं बोललं एकाने, ऐकलं दुसरीने आणि शिक्षा भोगली तिसऱ्याने, ज्याच्याशी आपण एक शब्दही बोललो नव्हतो. त्यालाच वर ऐकवतो, ‘काल का नाही आलात?’

बरं, बंद करून चालू करणं हाही प्रत्येक वेळी उपाय नसतो. फायबरच्या डबीवर ‘लॉस’चा लाल दिवा लागला असेल, तर तारेतून प्रकाशच येत नाहीये. बटण कितीही दाबलं तरी तो येणार नाही. तिथे कंपनीचाच माणूस हवा, आणि त्याला बोलावण्यात काहीच गैर नाही. आधी दिवे बघावेत, मग बटणाला हात लावावा, नाहीतर खुणा पुसल्या जातात. कोणता दिवा लाल आहे, मोबाइल चालतोय का, राउटरकडून ओ येते का, एवढं बघायला दोन मिनिटं पुरतात. हे नीट सांगितलं तर पलीकडची मुलगी कदाचित चार प्रश्न गाळेल. नाही गाळले, तर ते त्याच क्रमाने विचारायचे असं तिच्या समोरच्या पडद्यावर लिहिलेलं असतं. तो क्रम तिने ठरवलेला नाही.