गोळीची सवय आणि काळजाची सवय



घरात कॅन्सरचा रोगी असला की नागपूर-अमरावतीहून आणलेल्या औषधांत कधीकधी मॉर्फिनच्या गोळ्या असतात. ही गोळी अफूपासून बनते असे कळताच घरात कुजबुज सुरू होते. सवय लागेल, जीव लवकर जाईल, देवाने दिलेले दुखणे सोसलेच पाहिजे. मग गोळी कपाटात राहते आणि आई रात्रभर कण्हत राहते. अशा वेळी ख्रिस्ती माणसाने काय करावे?

प्रथम शरीराची गोष्ट पाहू. मॉर्फिन मेंदूतील ज्या जागी जाऊन चिकटते, त्या जागांचा शोध १९७३ साली लागला. दोनच वर्षांनी समजले की शरीर स्वतःही तसेच पदार्थ तयार करते. मेंदूच्या मध्यभागातून मज्जारज्जूकडे एक वाट उतरते. ती जागी झाली की खालून वर येणारा वेदनेचा निरोप मंदावतो. मॉर्फिन हीच वाट जागी करते. म्हणजे दुखणे शमवण्याची सोय निर्माणकर्त्याने आपल्या देहातच करून ठेवली आहे.

पण गोळी रोज मिळू लागली की मेंदूच्या पेशी तिला सरावतात आणि तेवढ्याच मात्रेचा गुण कमी येऊ शकतो. हा शरीराचा सराव आहे, व्यसन नव्हे. व्यसनात माणूस नुकसान दिसत असूनही नशेमागे धावतो. रोगी मात्र झोप लागावी, दोन घास खावेत, रोझरी म्हणता यावी म्हणून गोळी मागतो. शिवाय मात्रा वाढवावी लागते ती पुष्कळदा रोग वाढल्यामुळे. व्यसनाचा धोका मुळीच नाही असे नाही, म्हणूनच मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी आणि गोळ्या कुलपात ठेवाव्यात.

दुसरी भीती मरणाची. पोप पायस बारावे यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी डॉक्टरांपुढे बोलताना स्पष्ट केले की, दुसरा उपाय नसेल आणि हेतू केवळ वेदना शमवण्याचा असेल, तर आयुष्य थोडे कमी होण्याची शक्यता असली तरी असे औषध देता येते. मरण घडवून आणण्यासाठी ते देणे मात्र पाप आहे. ख्रिस्तसभेची आजचीही शिकवण हीच आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली बेताने दिलेल्या मात्रेने सहसा आयुष्य कमी होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. प्रभू येशूने क्रुसावर खिळण्यापूर्वी दिलेला गंधरस मिसळलेला द्राक्षारस घेतला नाही. मग आपण औषध का घ्यावे? एखाद्या रोग्याने स्वखुशीने आपल्या वेदना प्रभूला अर्पण केल्या तर ते थोर आहे. पण तो निर्णय ज्याचा त्याचा. दुसऱ्याच्या खांद्यावर क्रूस ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? चांगल्या शोमरोन्याने जखमी वाटसरूला सहनशीलतेवर प्रवचन दिले नाही. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला.

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते. तरीही १९८५ च्या कडक कायद्यामुळे आपल्याच रोग्यांना मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ साली नियम सुटसुटीत करण्यात आले. मुंबईत वांद्रे येथे १९८६ पासून शांती अवेदना सदन अखेरच्या अवस्थेतील कॅन्सर रोग्यांची सेवा करीत आहे. तेथे औषध आणि प्रार्थना यांचे भांडण नाही.

आणखी एक गोष्ट. १९७८ साली दाढ काढलेल्या रोग्यांवर एक प्रयोग झाला. औषध समजून घेतलेल्या साध्या इंजेक्शनानेही काहींचे दुखणे कमी झाले; मॉर्फिनचा परिणाम रोखणारे औषध देताच ते पुन्हा वाढले. म्हणजे विश्वासानेही तीच वाट उघडते. आपण उशाशी बसून हात हाती घेतो, तेव्हा तेही वाया जात नसणार. अर्थात गोळीऐवजी नव्हे, गोळीबरोबर.

मेंदूला गोळीची सवय होते, तशी आपल्या काळजाला दुसऱ्याच्या कण्हण्याची सवय होते. पहिल्या रात्री आपण धावत जातो, महिन्याभराने कूस बदलून झोपतो. पहिल्या सवयीवर डॉक्टर मात्रा बदलून उपाय करतात. दुसरीवर उपाय आपल्यालाच करायचा आहे. या आठवड्यात आपल्या वस्तीतील एका आजाऱ्याच्या घरी जाऊ या, आणि दुखते किती, हे त्यालाच विचारू या.