गाळून उरलेल्याचे काय?

स्वयंपाकघरात पाण्याचा फिल्टर कोणता बसवावा हा प्रश्न दुकानदाराला विचारायचा की धर्मशास्त्राला? बारमाही नळाच्या गावात हे विचारणे हास्यास्पद वाटेल, बीड जिल्ह्यात नाही. बालाघाटाच्या रांगेने या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत; उत्तरेचे पाणी गोदावरीकडे जाते, दक्षिणेचे मांजरा-सीनेकडे, आणि दोन्ही उतारांवर बेसाल्टचा कातळ पाणी फार काळ धरून ठेवत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात एकाच घरात नळाचे पाणी असते, बोअरचे किंवा टँकरचे ‘वापरायचे’ पाणी असते आणि विकत आणलेल्या जारचे ‘प्यायचे’ पाणी असते. अशा घरात ओट्यावर बसणारे यंत्र पाण्याची वाटणी करते: एक धार पेल्यात जाते, दुसरी मोरीत. पेल्यात काय आले एवढ्यावरून आपण शुद्धता ठरवतो. ती अर्धीच मोजणी आहे. गाळून जे उरले ते कुठे गेले आणि कोणाच्या वाट्याला गेले, हे विचारल्याशिवाय शुद्धतेचा हिशेब पुरा होत नाही.

हा हिशेब आपल्याकडे जुना आहे. मनुस्मृतीत संन्याशाला पाणी फडक्याने गाळून प्यायला सांगितले आहे, आणि ते सांगणे जमीन पाहून पाऊल टाकण्याच्या सूचनेला जोडून येते. म्हणजे त्यात पिणाऱ्याच्या पोटाइतकीच पाण्यातल्या जीवांचीही काळजी आहे. जैनांनी हा विचार शेवटापर्यंत नेला. तिथे पाणी गाळले की काम संपत नाही. फडक्यावर राहिलेले सूक्ष्म जीव गाळलेल्या पाण्याची धार सोडून एका भांड्यात उतरवायचे आणि ती ‘जिवाणी’ ज्या विहिरीचे पाणी तिलाच परत द्यायची. भांडे वरून उपडे करायचे नाही, दोराने पाण्याच्या पातळीपर्यंत सोडायचे, म्हणजे जीव आपटून मरणार नाहीत. दुसऱ्या विहिरीतही टाकायचे नाही, कारण एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात जगेलच असे नाही. या आचाराची जीवशास्त्रीय बाजू आज कोणी मानो वा न मानो, त्यातली नैतिक रचना पक्की आहे: गाळणारा हा गाळाचाही धनी असतो.

ही दुसरी बाजू गळाली की शुद्धतेचे काय होते, ते महाडने दाखवले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी तळ्यातून १०८ घागरी पाणी उपसले, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून ते पुन्हा तळ्यात ओतले आणि तळे शुद्ध झाल्याचे जाहीर केले. त्या शुद्धीने पाण्यातला एकही जंतू कमी झाला नाही, उलट वाढलेच असतील. माणसे मात्र बाहेर काढली गेली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली, आणि तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल उजाडले. आपल्यापुरती स्वच्छता करून इतरांना बाहेर ठेवणारी शुद्धता धर्माच्या नावाने आली तरी अधर्मच ठरते. यंत्राच्या नावाने आली म्हणून तिला सूट का द्यावी?

यावर पहिला आक्षेप असा की सोवळे-ओवळे आणि जंतुशास्त्र यांची गल्लत नको. फिल्टर विज्ञानाने घडवला आहे, त्यात धर्म आणू नये. आक्षेप रास्त आहे, पण विज्ञानाची साक्ष काढली तर ती याच बाजूने पडते. नारूचा रोग पायऱ्यांच्या विहिरींतून पसरे. रोगी पाण्यात उतरला की जखमेतून अळ्या पाण्यात जात, त्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जीवाच्या पोटात वाढत आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू होई. फडक्याने सायक्लॉप्स अडतो. पाणी गाळणे, रोग्याला पाण्यात उतरू न देणे आणि सुरक्षित पाणी पुरवणे यांतून नारू हटला, आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. बांगलादेशात जुन्या साडीच्या किमान चार घड्यांतून पाणी गाळायला शिकवले तेव्हा पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. एकाचे पाणी दुसऱ्याच्या पाण्यापासून तुटलेले नसते, हाच या दोन्हींचा धडा आहे. उलट, विज्ञानाचे सोंग घेऊन दारात येणारी भीती ओळखायला हवी. विक्रेता दोन पेल्यांत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतो. नळाचे पाणी क्षणात तांबूस-काळे होते, यंत्राचे नितळ राहते. तो गढूळपणा पाण्यातला नसून कांडीतल्या लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार असल्यामुळे वीज वाहते आणि लोखंड झिजते, एवढेच त्यातून सिद्ध होते. विटाळ दाखवून शुद्धी विकण्याची ही रीत आपल्याला नवी नाही.

आता मोरीत गेलेल्या धारेकडे पाहू. साध्या घरगुती आरओ यंत्रात चार भाग पाणी गेले तर एक भाग प्यायला मिळते आणि तीन भाग वाहून जाते. पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला वीस लिटर लागणाऱ्या घरातून साठ लिटर मोरीत गेले. जल जीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. म्हणजे त्या घराने एका माणसाचा दिवसाचा वाटा सांडला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली सांगितले की जिथे विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथे आरओ नको, आणि जिथे हवा तिथे त्याने किमान ६० टक्के पाणी वापरात आणावे.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे: उसाच्या फडांना आणि साखर कारखान्यांना पाणी मोजून मागायचे सोडून गृहिणीच्या बादलीला धर्म का शिकवता? पाण्याचे मोठे अन्याय मोठ्याच ठिकाणी लढावे लागतील, यात शंका नाही. पण ज्या घराने आपल्यापुरते यंत्र बसवले, त्याचा गावाच्या नळाशी असलेला संबंध सुटतो. क्लोरीन पडले का, जलवाहिनी फुटून गटाराचे पाणी शिरले का, हे विचारणाऱ्यांतले एक घर कमी होते, आणि बहुधा ज्याच्या तक्रारीची दखल घेतली गेली असती तेच. तिसरा आक्षेप लेकराबाळांच्या आरोग्याचा, आणि त्यापुढे मान तुकवायलाच हवी. पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराईड किंवा ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असेल तर फडके, उकळणे, अतिनील दिवा यांतले काहीच कामाचे नाही. उकळल्याने तर पाणी आटून ते अधिक दाट होते. दुसरे सुरक्षित पाणी नसेल तर तिथे आरओ घेणे हे कर्तव्यच आहे. अपरिग्रह म्हणजे गरज नाकारणे नव्हे. गरजेपुरतेच घ्यावे, आणि गरज किती हे भीतीला नव्हे, परीक्षेला ठरवू द्यावे, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून क्रम उलटा करायला हवा. आधी पाणी तपासा. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेचा कागद हातात आल्याशिवाय यंत्राला हात लावू नका. पाणी धरणाचे आणि क्षार कमी असतील तर पोकळ तंतूंचा साधा फिल्टर, अतिनील दिव्याचे यंत्र किंवा उकळणे पुरते. बोअरमध्ये फ्लोराईड किंवा नायट्रेट निघाले तर आरओ घ्या, कमी पाणी सांडणारा घ्या, आणि त्याची दुसरी नळी मोरीत न सोडता बादलीत सोडा. ते पाणी लादीला, संडासाला चालते. आणि तपासणीचा कागद कपाटात ठेवू नका, शेजाऱ्याला आणि ग्रामसभेला दाखवा, कारण तुमच्या बोअरमध्ये जे निघाले ते शेजारच्या हापशातही असण्याचा संभव आहे, आणि तिथे पाणी भरणाऱ्याकडे कदाचित कोणतेच यंत्र नाही.