दैनंदिनी आणि तिचा वाचक

दैनंदिनी ही कुलुपात ठेवण्याची वस्तू आहे, असे आपण समजत आलो. तरीही तिची पाने स्वतःच्या हाताने वाचकांपुढे ठेवणारी माणसे प्रत्येक काळात झाली आहेत. आज तर रात्री लिहिलेले मनोगत सकाळ होण्याआधी शेकडो लोकांपर्यंत पोहोचू शकते. ख्रिस्ती मनुष्याने असे करावे काय? प्रभूने प्रार्थनेसाठी खोलीत जाऊन दार लावून घेण्यास सांगितले. जी वही आपण देवासमोर लिहितो, तिच्या खोलीचे दार कोणासाठी आणि किती उघडावे?

आमच्या जबलपूर शहराचा या प्रश्नाशी जुना संबंध आहे. हरिशंकर परसाई यांनी येथून चालविलेल्या ‘वसुधा’ या हिंदी मासिकात गजानन माधव मुक्तिबोध यांची ‘एक साहित्यिक की डायरी’ प्रसिद्ध होत असे. मुक्तिबोधांचे घराणे मराठी. बंधू शरच्चंद्र हे मराठीतील नामवंत कवी. गजानन माधवांनी मात्र हिंदीत लिहिले. १९६४ साली, त्यांच्या निधनाच्याच वर्षी, ही डायरी पुस्तकरूपाने आली. तीत घरातील गुपिते शोधू पाहणाऱ्याची निराशा होते. तारखा नाहीत, भांडणे नाहीत. आहे तो केशव नावाच्या मित्राशी आणि स्वतःशी चाललेला अखंड वाद. ‘तीसरा क्षण’ या लेखात त्यांनी निर्मितीच्या तीन क्षणांचा विचार मांडला आहे. पहिला क्षण तीव्र अनुभवाचा. दुसऱ्या क्षणी तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून डोळ्यांपुढे चित्रासारखा उभा राहतो. तिसऱ्या क्षणी त्याला शब्द मिळू लागतात, आणि शब्द मिळता मिळता ते चित्रही पालटत जाते.

हे त्यांनी कलेविषयी लिहिले असले, तरी पापकबुलीलाही ते लागू पडते असे मला वाटते. अश्रू आणि अश्रूंचे वर्णन यांत अंतर पडते. वाचक मनात आला की ते अंतर आणखी वाढते. लेखणी किंचित कलते, आणि आपण आपल्या दोषांतले देखणे दोष निवडू लागतो. अधीरपणा, भोळेपणा, कामाचा अतिरेक, असे. कंजूषपणाची कबुली छापलेली मी क्वचितच वाचली आहे.

मग सर्व कबुली बंद दाराआडच राहावी काय? पवित्र शास्त्र तसे म्हणू देत नाही. एकावन्नावे स्तोत्र पाहा. त्याच्या शीर्षकात ते मुख्य गवयासाठी असल्याचे सांगितले आहे. दावीद बथशेबेकडे गेल्यावर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला, त्या प्रसंगाचे. हिब्रू शास्त्रात या शीर्षकालाच दोन वचनांचे अंक आहेत, म्हणून आपल्या मराठी शास्त्रातले पहिले वचन हिब्रूत तिसरे ठरते. भाषांतराच्या मेजावर हा दोन अंकांचा फरक सतत सांभाळावा लागतो. शीर्षके मागाहून जोडली गेली असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. ते मान्य केले, तरी राजाच्या अत्यंत लाजिरवाण्या अपराधाची कबुली गायकांच्या हाती आणि सर्व मंडळीच्या तोंडी गेली, ही गोष्ट उरतेच.

परंतु शीर्षक सोडून स्तोत्र वाचावे. तेथे बथशेबा नाही, उरीया नाही, पत्र घेणारा यवाब नाही. ‘मी’ आहे आणि ‘तू’ आहेस. दाविदाला दुसऱ्या कोणाविषयी सांगण्यासारखे पुष्कळ होते. त्याने सांगितले ते स्वतःविषयी.

नव्या करारात कबूल करण्यासाठी जे ग्रीक क्रियापद येते, त्या ‘होमोलोगेओ’चे घटक ‘तेच’ आणि ‘बोलणे’ असे आहेत. केवळ व्युत्पत्तीवरून अर्थ ठरवू नये, हे आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी बजावतो. पण येथे ती उपयोगी पडते. देव माझ्याविषयी जे म्हणतो तेच मी म्हणणे, ही कबुली. आणि शेजाऱ्याविषयी देव काय म्हणतो, हे मला ठाऊक नाही.

येथे कोणी लक्ष्मीबाई टिळकांचे नाव घेईल, आणि ते योग्यच आहे. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. टिळकांचा संतापी आणि विसरभोळा स्वभाव त्यांनी झाकलेला नाही. मात्र टिळक १९१९ सालीच प्रभूकडे गेले होते, आणि त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार लक्ष्मीबाईंनी संसार सोसून मिळविला होता. शिवाय त्या सर्वांत जास्त हसतात त्या स्वतःला. त्यांचे सोवळे-ओवळे आणि त्यांची फजिती वाचकाला आधी दिसते.

मी हे सारे शांतपणे लिहीत आहे, कारण माझा अपराध आता काही वर्षांचा झाला आहे. मदन महाल भागातील आमच्या घरी मी रोज रात्री वही लिहितो. एका परिपत्रकासाठी मजकूर हवा होता, तेव्हा मी त्यातले एक पान काढून दिले. आमच्या मंडळीतील एका मावशींचा मुलगा वारला होता. त्यानंतर कित्येक महिने त्यांना प्रार्थना करता आली नाही. उपासनेत त्या नुसते ओठ हलवीत. हे त्यांनी मला सांगितले होते. मी नाव वगळले, गाव वगळले, आणि शोकात देव मौन धरतो यावर चार बऱ्या ओळी जोडल्या. पुष्कळांनी कौतुक केले. आमची मंडळी लहान. मावशींना सर्वांनी ओळखले. रविवारी दारात भेटल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “भाऊ, मी ते तुम्हाला सांगितलं होतं.”

त्या रात्री मी जुन्या वह्या काढल्या. २२ मे १९९७ च्या पहाटेपूर्वी जबलपूरला भूकंप झाला, त्या दिवसाचे पान त्यांत आहे. मदन महालच्या टेकडीवरील तोलावर उभी असलेली प्रसिद्ध शिळा त्या धक्क्यातही पडली नाही, हे मी अनेकदा अनेकांना कौतुकाने सांगितले आहे. त्याच पानावर पुढे आहे ते कोणाला सांगितले नव्हते. घर हलताच मी रस्त्यावर धावत आलो, आणि आई आत आहे हे मला रस्त्यावर उभे राहिल्यावर आठवले. ती भिंतीचा आधार घेत स्वतःच बाहेर आली आणि तिने प्रथम विचारले, मला लागले तर नाही ना.

हे पान माझे होते. छापण्यासाठी मी निवडले ते मावशींचे.

मावशींची क्षमा मी मागितली, आणि त्यांनी ती दिली. त्यानंतर त्या माझ्याशी हवापाण्याविषयी बोलत राहिल्या. मुलाविषयी बोलल्या नाहीत. हा लेख पाठविण्यापूर्वी मी त्यांच्याकडे गेलो आणि त्यांच्यासंबंधीचा मजकूर वाचून दाखविला. मुलाच्या आजाराचे एक वाक्य त्यांनी काढावयास सांगितले, ते काढले आहे. बाकीचे राहू द्या म्हणाल्या. मग भूकंपाच्या रात्रीचे पानही त्यांनी मला पुन्हा एकदा वाचावयास लावले, आणि आई त्यानंतर किती वर्षे होती, असे विचारले.