नहेम्याने झटकलेला पदर

शास्त्रपाठ : नहेम्या, अध्याय 5



नहेम्याचे नाव निघाले म्हणजे यरुशलेमेचा कोट आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. तो 52 दिवसांत पुरा झाला, आणि एका हाताने काम करीत व दुसऱ्या हाती शस्त्र धरून लोकांनी तो बांधला, ही कथा आपल्या शब्बाथशाळेतील मुलांसही ठाऊक आहे. परंतु त्या कथेच्या मध्यभागी पाचवा अध्याय आहे. त्यात दगड नाहीत, शत्रूही नाहीत. त्यात कर्जाचा हिशेब आहे. तथापि मंडळीचा सेवक व पुढारी कसा असावा हे ज्यास शिकावयाचे आहे, त्याने हाच अध्याय प्रथम वाचावा.

कोट बांधणारे लोक व त्यांच्या बायका आक्रोश करीत नहेम्याकडे आल्या. दुष्काळात पोट भरण्यासाठी त्यांनी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकली होती. राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढले होते. आणि आता त्यांच्या मुलामुलींवर दास्यात जाण्याची पाळी आली होती. सावकार कोण होते? कोणी परके नव्हेत, तर त्यांचेच भाऊबंद! दिवसा एकाच भिंतीवर दगड चढवावयाचे, आणि सायंकाळी त्याच भावाच्या शेतावर हात ठेवावयाचा, असे चालले होते.

हे गाऱ्हाणे सोलापूर जिल्ह्यातील मनुष्यास समजावून सांगावे लागत नाही. 1875 साली पुणे व अहमदनगर या शेजारच्या जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. लागलीच 1876 ते 1878 चा मोठा दुष्काळ पडला. पुढे 1879 साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि पुणे, सातारा व अहमदनगर यांजबरोबर आपला सोलापूर जिल्हाही त्यात घातला. रोख्यावर काय लिहिले आहे एवढेच न पाहता मूळ व्यवहार तपासण्याची सत्ता त्या कायद्याने न्यायाधीशास दिली. हे योग्यच झाले. परंतु कायदा सावकाराचा हात धरू शकतो. त्याचे अंतःकरण पालटू शकत नाही.

नहेम्याने काय केले ते पाहा. त्यास फार राग आला, तथापि रागाच्या भरात तो बोलला नाही. आधी त्याने मनात विचार केला. मग सभा भरवून त्याने सरदारांस व अधिकाऱ्यांस तोंडावर दोष दिला. पण दुसऱ्यांची वही उघडून तो थांबला नाही. मी, माझे बांधव व माझे चाकर यांनीही पैसा व धान्य कर्जाऊ दिले आहे, असे त्याने सर्वांदेखत सांगितले, आणि आपण सर्व मिळून ही रीत सोडू या, असे म्हटले. शेते, मळे व घरे त्याच दिवशी परत करावी, आणि घेतलेला शंभरावा भागही परत द्यावा, असे ठरले. मग त्याने आपला पदर झटकला व म्हटले की, जो हे वचन पाळणार नाही त्यास देव असाच झटकून रिकामा करो.

याहूनही कठीण गोष्ट पुढे आहे. नहेम्या 12 वर्षे अधिपती होता, पण अधिपतीचा शिधा त्याने घेतला नाही. त्याच्या पूर्वीचे अधिपती लोकांकडून अन्न, द्राक्षारस व 40 शेकेल रुपे घेत असत. त्याच्या मेजावर 150 माणसे जेवीत असत, तरी त्याने तो भार लोकांवर घातला नाही. त्याची कारणे दोन : देवाचे भय, आणि लोकांवरील ओझे. शिवाय त्याने शेतही विकत घेतले नाही. दुष्काळात शेत स्वस्त मिळते. ज्याच्या गाठी पैसा आहे त्याची ती सुगी असते. ती सुगी नहेम्याने सोडून दिली व चाकरांसह कोटाच्या कामास लागला.

पाळकहो, उपदेशकहो, पंचहो, ही गोष्ट आपल्यासाठी लिहिली आहे. मंडळीच्या पेटीचा हिशेब सर्वांपुढे वाचला जातो काय? कापणीच्या सणास आलेले धान्य कोठे गेले, हे देणाऱ्या विधवेस कळते काय? आपल्या पंचांपैकी कोणी गरीब भावास व्याजाने पैसे दिले असतील, तर प्रभुभोजनाच्या वेळी तो ऋणको त्या धनकोशेजारी मान वर करून बसू शकतो काय? एकाच भाकरीचे वाटेकरी म्हणवून घ्यावे, आणि घरी जाऊन भावाची भाकर मोजून घ्यावी, हे ख्रिस्ताच्या शिष्यांस शोभत नाही. तो तर धनवान असता आपल्याकरिता दरिद्री झाला. शेजारी आपली प्रार्थना क्वचितच ऐकतात. आपला व्यवहार मात्र रोज पाहतात.

म्हणून येत्या कापणीच्या सणापूर्वी प्रत्येक मंडळीने हिशेबाची वही उघडावी, आणि प्रथम पुढाऱ्यांनी आपली उघडावी. त्या दिवशी यरुशलेमात सर्व सभेने आमेन म्हटले, देवाची स्तुती केली, आणि मग दिलेल्या वचनाप्रमाणे केले. आपलेही आमेन तसेच असो.