गाऱ्हाणे आणि जोखीम

वकिली व्यवसायात जे कागद वाचावे लागतात, त्यांत कंपनीच्या भागविक्रीचे माहितीपत्रक हा सर्वांत नीरस कागद होय, अशी आमची अनेक वर्षे समजूत होती. शेकडो पृष्ठे, बारीक टंक, आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटीला एखादी अट. अलीकडे मात्र त्यातील एक प्रकरण आम्ही आवडीने वाचू लागलो आहो. त्याचे नाव 'जोखमीचे घटक'. जी कंपनी आपले भाग लोकांस विकावयास निघाली आहे, तिने आपल्यावर कोणकोणती संकटे येऊ शकतील, हे या प्रकरणात स्वतःच्या तोंडाने सांगावयाचे असते. विकणाऱ्याने गिऱ्हाइकापुढे आपल्या मालाची उणीव मांडावी, असा प्रकार बाजारात एरवी आढळत नाही.

या सक्तीमागे इतिहास आहे. १९२९ साली न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, असंख्य कुटुंबांची पुंजी बुडाली, आणि १९३३ साली अमेरिकेने रोखेविक्रीचा कायदा केला. नोंदणीच्या कागदात महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितली, किंवा सांगावयास हवी होती ती गाळली, तर भाग घेणाऱ्यास नुकसानभरपाई मागता येते, असे त्याचे अकरावे कलम सांगते. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यातील ३४ व ३५ ही कलमे याच वळणाची आहेत. पहिल्यात फौजदारी जबाबदारी आहे, दुसऱ्यात दिवाणी. मनुष्य सद्गुणामुळे खरे बोलेल याची वाट न पाहता, निदान भीतीने तरी बोलेल, अशी तजवीज कायद्याने करून ठेविली. त्यात आम्हांस गैर काही दिसत नाही.

या प्रकरणात गेल्या काही वर्षांत एक नवे संकट येऊन बसले आहे, ते म्हणजे लोकांचा राग. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरातून उद्भवणाऱ्या प्रश्नांमुळे आपल्या नावलौकिकास धक्का पोचू शकेल, असे मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१८ च्या वार्षिक निवेदनात लिहिले. गूगलची मातृकंपनी अल्फाबेट हिनेही त्याच सुमारास तशाच आशयाची भर घातली. या कंपन्या बाजारात जुन्या होत्या. आता ज्यांचा सारा व्यवहारच या बुद्धिमत्तेवर उभा आहे अशा कंपन्या भांडवलबाजाराच्या दारी येत आहेत. यंत्रांसाठी प्रचंड गणनगृहे चालविणारी कोअरवीव्ह २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत आली. झिपू व मिनिमॅक्स या चिनी कंपन्या २०२६ च्या जानेवारीत हाँगकाँगला आल्या. आणखी मोठ्या नावांच्या वार्ता रोज कानी येतात.

राग कल्पित नव्हे. हॉलिवुडच्या पटकथालेखकांनी २ मे २०२३ पासून १४८ दिवस संप केला. त्यांच्या मागण्या अनेक होत्या, परंतु यंत्राला लेखकाच्या आसनावर बसवू नये, ही त्यांतील ठळक मागणी होती. ग्रंथकारांनी अँथ्रॉपिक कंपनीवर दावा लावला, की आमची पुस्तके चोरट्या संग्रहांतून उतरवून घेतली; २०२५ साली तो दीड अब्ज डॉलरांवर, म्हणजे दर पुस्तकामागे सुमारे तीन हजार डॉलरांवर, मिटविण्याचे ठरले. ॲरिझोनातील ट्यूसॉन हे वाळवंटातले शहर. तेथे एका विराट गणनगृहाचा प्रस्ताव आला तेव्हा नागरिकांनी पाणी आणि वीज यांचा प्रश्न उभा केला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नगरपरिषदेने एकमताने नकार दिला. त्याच वर्षी प्यू या संस्थेने घेतलेल्या पाहणीत, या नव्या विद्येविषयी उत्साहापेक्षा चिंता अधिक वाटते असे सांगणारे अमेरिकन प्रौढ शेकडा ५० होते. चिंतेहून उत्साह अधिक असणारे शेकडा १०.

कंपनीने ही गोष्ट भाग घेणाऱ्यास सांगितलीच पाहिजे, याविषयी वाद नाही. आम्ही अडखळतो ते दुसऱ्याच ठिकाणी. या प्रकरणात लोकांचा राग कोणाच्या पंक्तीस बसलेला असतो, ते पाहावे. त्याच्या आधी भूकंप, महापूर आणि चलनाच्या दरातील चढउतार असतात. त्याच्यानंतर कुशल नोकर सोडून जाण्याची भीती असते. त्या पंक्तीत बसला की रागाचे स्वरूपच पालटते. पावसाला कारण असते, पण त्याचे काही म्हणणे नसते. त्याची पूर्वसूचना मिळवावी, छप्पर शाकारावे, विमा उतरावा, एवढेच आपल्या हाती. रागावलेल्या माणसाचे म्हणणे असते. ते खरे असेल वा खोटे असेल, परंतु छप्पर शाकारल्याने त्याचे उत्तर होत नाही.

आमचे एक ज्येष्ठ व्यवसायबंधू या विचारास हसतात. त्यांचे म्हणणे असे, की माहितीपत्रक हा भाग घेणाऱ्यास उद्देशून लिहिलेला कागद आहे. त्याला आपल्या पैशाचे काय होईल तेवढेच कळावयाचे आहे. ट्यूसॉनच्या नागरिकाचे म्हणणे न्याय्य की अन्याय्य, याचा निवाडा तेथे कोणी मागितला आहे? हा आक्षेप पुष्कळ अंशी रास्त आहे. तराजूने कापड मोजता येत नाही म्हणून तराजूस दोष देऊ नये. परंतु कंपनीच्या मुखातून बाहेर पडणाऱ्या इतर सर्व वाणीत जाहिरातीचा अंश असतो. शिक्षेच्या धाकाने खरे बोलावयाची सक्ती तिच्यावर ज्या मोजक्या कागदांत आहे, त्यांत हा प्रमुख. आणि ज्यांना तिच्यापासून उपद्रव झाला तीच माणसे त्यात हवामान होऊन येतात. शिवाय कागदावर ज्या नावाने गोष्ट चढते, त्याच नावाने ती संचालकांच्या मनातही राहते. जोखीम म्हटली की ती 'कमी करावयाची' असते, आणि जोखीम कमी करण्याचे मार्ग पुष्कळ आहेत, ज्यांत गाऱ्हाणे ऐकण्याची गरज पडत नाही: प्रसिद्धिविभाग वाढवावा, विधिमंडळातील मित्र वाढवावे, गणनगृह अधिक गरीब परगण्यात न्यावे.

सेन्सटाइम या चिनी कंपनीची हकीकत या दृष्टीने बोलकी आहे. चेहरे ओळखणारी यंत्रणा ही तिची ख्याती. तिच्या भागांची किंमत ठरावयाची त्याच दिवशी, १० डिसेंबर २०२१ रोजी, अमेरिकन सरकारने तिला निषिद्ध यादीत घातले. उइगूर लोक चेहऱ्यावरून वेगळे काढण्याची विद्या तिने घडविली असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. विक्री थांबली, माहितीपत्रकाची दुरुस्ती झाली, अमेरिकन गुंतवणूकदार वगळले गेले, आणि ३० डिसेंबर रोजी कंपनी बाजारात दाखल झाली. पहिल्या दिवशी भाव विक्रीच्या किमतीच्या वर बंद झाला. बाजाराच्या हिशेबी जोखीम वीस दिवसांत आटोपली. ज्यांच्या चेहऱ्यांविषयी हा सारा प्रश्न होता, त्यांना त्या वीस दिवसांत कोणी काही विचारल्याचे आमच्या वाचनात नाही.

अर्थात कायदा अगदीच आंधळा नाही. फेसबुक कंपनीने आपल्या निवेदनात लिहिले होते, की लोकांच्या माहितीचा दुरुपयोग 'होऊ शकेल'. भागधारकांचे म्हणणे असे, की केंब्रिज ॲनालिटिका या संस्थेकडून तो त्यापूर्वीच होऊन गेला होता. झालेल्या गोष्टीस होऊ शकणारी म्हणणे ही दिशाभूल ठरू शकते, असा कौल अपील न्यायालयाने २०२३ साली दिला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, तेथे वादविवाद झाला, आणि २२ नोव्हेंबर २०२४ रोजी त्या न्यायालयाने प्रकरण निर्णयावाचूनच काढून टाकल्याने खालचा कौल कायम राहिला. एका क्रियापदावर एवढा मोठा वाद व्हावा, याचे व्याकरणाच्या शिक्षकांस कौतुक वाटेल. आम्हांस ते क्रियापद अलीकडे निराळ्याच कारणाने छळत आहे.

नावगाव व ओळख पटण्याजोगे तपशील बदलून सांगतो. एका लहान कंपनीचे माहितीपत्रक तपासण्याचे काम आमच्याकडे आले आहे. यंत्राकडून मराठी व कोकणी बोलवून घेणे हा तिचा व्यवसाय. बँका, दुकाने, पतपेढ्या तिचे गिऱ्हाईक. तिच्या कागदपत्रांत एका बाईंचे पत्र निघाले. काही वर्षांपूर्वी त्यांनी शाळेच्या मुलांसाठी धडे वाचून ध्वनिमुद्रित केले होते, दर धड्यास ठरीव मोबदला घेऊन. करारात 'सर्व हक्क' हे दोन शब्द होते. आज त्यांचा आवाज दूरध्वनीवरून लोकांना कर्ज घेण्याचा आग्रह करतो. बाई देवळात भजन म्हणतात. गावातील म्हाताऱ्या माणसांना तो आवाज ओळखीचा. "तू सांगितलेस म्हणून घेतले," असे एक वृद्ध त्यांना म्हणाले. पत्रात पैशाची मागणी नाही. माझ्या आवाजाने लोकांना कर्ज घ्या म्हणून सांगू नका, एवढीच विनंती आहे. कंपनीच्या मसुद्यात या पत्राचे रूपांतर असे झाले आहे: आवाजाच्या वापराबाबत काही व्यक्तींकडून आक्षेप घेतले जाऊ शकतील, व त्यामुळे व्यवसायावर प्रतिकूल परिणाम होऊ शकेल.

कायद्याने बाईंची बाजू लंगडी आहे, हे आम्ही लपवीत नाही. आणि जो रागावला तो खरा, असेही आम्ही मानीत नाही. लोकापवादाचे सामर्थ्य आणि त्याची आंधळी बाजू आपल्या समाजाइतकी कोणाला ठाऊक असणार? उत्तरकांडातील सीतात्यागाची कथा ऐकून आपल्या आज्या पदराने डोळे पुसत. लोक बोलत होते, आणि जे बोलत होते ते असत्य होते. भवभूतीच्या नाटकात दुर्मुख ती वार्ता कानाशी आणतो तेव्हा रामाला स्वतःला ते असत्य ठाऊक आहे. तरीही राजधर्म म्हणून तो ती शिरसावंद्य मानतो, आणि मग उरलेले नाटकभर शोक करतो. त्या निर्णयाची चिकित्सा करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु लोकापवादापुढे मान तुकविणारा राजा आणि लोकापवादाची किंमत डॉलरांत मांडणारी कंपनी, ही दोन टोके एका बाबतीत जवळ येतात. लोक म्हणतात ते खरे आहे काय, ही चौकशी दोन्हीकडे होत नाही. रामाला ती करण्याचे कारण नव्हते, त्याला उत्तर माहीत होते. कंपनीला उत्तर माहीत नाही, आणि तिच्या कागदात त्यासाठी रकानाही नाही.

आमच्या भागात गाऱ्हाणे हा शब्द दोन अर्थांनी चालतो. तक्रार हा एक अर्थ. दुसरा, देवापुढे उभे राहून गावकऱ्यांच्या वतीने मानकरी जे मोठ्याने मांडतो ते. प्रत्येक वाक्यामागे मंडळी "व्हय म्हाराजा" म्हणतात. कोणाच्या घरी दुखणे आहे, कोणाची वाट अडली आहे, कोणाचे लेकरू परमुलखात आहे, सारे त्यात येते. सर्वच मागणी पुरी होते असे कोणी म्हणत नाही. तथापि गाऱ्हाणे मांडावयास कोणीतरी ऐकणारा समोर असावा लागतो, आणि ते मोठ्याने, चारचौघांत, ज्याचे त्याच्या नावाने मांडावे लागते. 'काही व्यक्ती' असा शब्द आम्ही गाऱ्हाण्यात कधी ऐकलेला नाही.

गोव्याच्या वाचकांस केरीचे स्मरण असेल. फोंडा तालुक्यातील त्या पठारावर थापर-ड्यूपाँचा नायलॉनचा कारखाना येणार होता. गाव विरोधास उभे राहिले, १९९५ च्या जानेवारीत पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला, आणि प्रकल्प गोव्याबाहेर नेण्यात आला. कंपनीच्या वहीत ती एक जोखीम होती, ती जागा बदलून टळली. गावाने विचारलेल्या प्रश्नाला मात्र उत्तर मिळाले नाही. प्रश्नकर्ते मागे राहिले, एवढेच.

कंपनीचे तरुण संचालक परवा आमच्याकडे आले होते. सालस गृहस्थ आहेत. आम्ही मसुद्यातील 'घेतले जाऊ शकतील' खोडून तेथे 'घेतला गेला आहे' असे लिहिले होते, आणि पत्राची तारीख घातली होती. ते म्हणाले, "वकीलसाहेब, एका पत्रासाठी एवढे कशाला? बाजारात कोणी विचारणार नाही." आम्ही त्यांना फेसबुकचा दाखला दिला. तो त्यांना पटला, कारण त्यात दंडाची भीती होती. मग आम्ही विचारले, की पत्राला उत्तर पाठविले काय? ते थोडे थांबले. उत्तर पाठविणे म्हणजे आक्षेप मान्य केल्यासारखे होईल, असा सल्ला त्यांना पूर्वी कोणी वकिलाने दिला होता. तो सल्ला चुकीचा नाही. आम्हीही तो आजवर अनेकांना दिला आहे.

दुरुस्त केलेला मसुदा सोमवारी जावयाचा आहे. पत्र अद्याप आमच्या मेजावर आहे, आणि त्याच्या उत्तराचा एक कच्चा खर्डा आम्ही आमच्याच हाताने लिहून त्याखाली ठेविला आहे. तो कंपनीच्या नावाने पाठवावा असे आम्ही संचालकांस सांगणार आहो. त्याचे शुल्क आकारावे की नाही, हे अजून ठरविलेले नाही.