मुक्या जिवाची ठेव

पनवेलीस सप्ताहाच्या निमित्ताने आमचे जाणे झाले, तेव्हा एका वारकरी गृहस्थांनी आम्हांस एक शंका विचारली. वडिलांपासून चालत आलेली आषाढीची पायी वारी त्यांच्याकडे आहे. यंदा अडचण अशी की मुलाने हौसेने आणलेले कुत्रे घरात आहे, मुलगा नोकरीसाठी परगावी गेला आहे, आणि आळंदीहून निघून पंढरीस पोहोचेपर्यंत 18-20 दिवस नवराबायको दोघेही घराबाहेर. ते विचारीत होते, "महाराज, कुत्र्यासाठी वारी चुकवावी की वारीसाठी कुत्र्याला वाऱ्यावर सोडावं?" जवळ बसलेले दोघेतिघे हसले. एकजण म्हणाला, "अहो, देव मोठा की कुत्रं?" आम्हांस हसू आले नाही. शंका वरवर लहान दिसते, पण धर्माचा एक मोठा प्रश्न तिच्या पोटात आहे. जो जीव आपण आपल्या आश्रयाला ठेवला, त्याचे आपण काय देणे लागतो? आणि ते देणे दुसऱ्याच्या हाती सोपवता येते का?

ही शंका आमच्या लहानपणी कुणाला पडली नसती. जुन्या पनवेलीतले वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना कारण ठाऊक आहे. घराला कुलूप म्हणून कधी लागतच नसे. चौघे यात्रेला गेले तरी आजी, धाकटी जाऊ, एखादा विद्यार्थी असे कुणीतरी ओटीवर असायचेच. कुत्रेही एकाचे नसे. ते आळीचे असे. एका दारी भाकरी मिळाली नाही तर दुसऱ्या दारी मिळे. वैश्वदेवानंतर काकबळी आणि श्वानबळी घालण्याचा परिपाठ होता आणि यमाच्या दारचे श्याम व शबल हे दोन श्वान स्मरून तो घास बाहेर ठेवला जाई. आता 2016 साली पनवेलची महानगरपालिका झाली, खारघर-कामोठ्यापासून नवीन पनवेलपर्यंत इमारतींची रांग लागली, आणि माणसे दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहू लागली. गणपतीला कोकणात जायचे म्हटले की मजलेच्या मजले कुलूपबंद. त्या कुलपाच्या आत किंवा बाहेर कुत्रे राहते. तेव्हा दोष कुणा एकाचा नव्हे, राहणीच बदलली. पण राहणी बदलली म्हणून ऋण बदलत नाही.

आता "देव मोठा की कुत्रे" हा जो सवाल टाकला जातो, त्याविषयी प्रथम बोलू. हाच सवाल प्रत्यक्ष इंद्राने टाकला होता. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वातली कथा आमच्या श्रोत्यांना पाठ आहे. द्रौपदी पडली, चौघे भाऊ पडले, धर्मराजामागे एक कुत्रे तेवढे चालत राहिले. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, चल, पण हे कुत्रे इथेच सोड; कुत्रे बाळगणाऱ्याला स्वर्गात जागा नाही. धर्मराजाने नकार दिला. इंद्राने पेच घातला की बायको टाकलीस, भाऊ टाकलेस, मग कुत्र्याचाच एवढा मोह का? या ठिकाणी धर्मराजाचे उत्तर नीट ऐकण्यासारखे आहे. तो म्हणाला, ती मेली होती. मेलेल्यांना मी उठवू शकत नव्हतो. जिवंतपणी मी त्यांना सोडले नाही. हे कुत्रे जिवंत आहे आणि माझ्या आसऱ्याला आहे. आश्रिताचा त्याग मला स्त्रीवध, मित्रद्रोह यांच्याच तोलाचा वाटतो. पुढे ते कुत्रे म्हणजे साक्षात धर्म होता असे निघाले. पण कीर्तनात आम्ही नेहमी सांगतो की धर्मराजाला हे आधी ठाऊक नव्हते. त्याच्या लेखी ते नुसते कुत्रे होते, आणि त्याचे मोल तिथेच आहे.

गंमत अशी की त्याच महाभारताच्या आरंभीही कुत्रेच आहे. आदिपर्वात जनमेजयाच्या सत्रात सरमेचे पोर आले. हविष्याला त्याने तोंड लावले नव्हते, तरी राजाच्या भावांनी त्याला बडवले. सरमेने शाप दिला की न दिसणारे भय तुमच्यावर येईल. निरपराध कुत्र्याला मारल्याने सुरू झालेला ग्रंथ कुत्र्याला न सोडल्याने संपत येतो. व्यासांनी हे सहज केले असेल असे आम्हांस वाटत नाही. असो.

मग धर्मराजाप्रमाणे कुत्र्याला बरोबर घेऊन वारीला जावे का? आम्ही म्हणतो, नको. लाखोंचा समुदाय, दिवे घाटाची चढण, तापलेला किंवा चिखलाचा रस्ता, टाळमृदंगाचा अखंड गजर. घरात वाढलेल्या जनावराला ती शिक्षा होईल. माउलींच्या सोहळ्यात जनावरे चालतात, नाही असे नाही. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व चालतात, रथाला बैलजोडी असते. पण त्यांच्या दाणापाण्याची, विश्रांतीची, खुरांची काळजी घेणारी माणसे बरोबर असतात, आणि ती जनावरे त्या कामासाठी तयार केलेली असतात. संप्रदायाला जनावराचा सांभाळ नवीन नाही. पैठणास रेड्यामुखी वेद वदवले ही कथा सर्वजण सांगतात. पण काम झाल्यावर त्या रेड्याला पैठणच्या रस्त्यावर सोडून दिले नाही हे थोडेच सांगतात. भावंडांनी त्याला बरोबर नेले आणि जुन्नर तालुक्यात आळे येथे त्याची समाधी आहे.

कुणी म्हणेल, हे सगळे संतांचे झाले. संसारी माणसाने कुत्र्यापायी किती गुंतावे? त्याला भागवताच्या पाचव्या स्कंधातल्या भरताचा दाखला आहेच. राज्य टाकून वनात गेलेला राजा, नदीत पडलेले हरणाचे पाडस त्याने काढले, वाढवले, आणि अंतकाळी त्याचाच ध्यास राहून पुढला जन्म हरणाचा मिळाला. दाखला खरा, पण लोक तो उलटा लावतात. पाडसाला पाण्यातून काढले हा भरताचा दोष नव्हे. ते बुडत असता तो डोळे मिटून जप करीत बसला असता तर त्या जपाला काय म्हणावे? दोष पुढे घडला. पाडस चरायला गेले, आपल्या पायांवर उभे राहिले, तरी याचे मन त्याच्यामागे धावत राहिले. पाडसाची गरज संपली होती, याची संपली नव्हती. आमच्या मते ओळखण्याची खूण हीच. जनावराच्या गरजेपोटी जे करतो ते कर्तव्य. आपल्या मनाच्या गरजेपोटी जे करतो ती आसक्ती. कुत्र्याची सोय नीट लावून वारीला निघालेला मनुष्य कर्तव्य करतो. तोच दिवसातून तीनदा फोनच्या पडद्यावर कुत्र्याचे तोंड पाहायला मागतो आणि हरिपाठाला त्याचे चित्त नसते, तर तो भरताच्या वाटेने चालला आहे. अशी माणसे हल्ली पुष्कळ दिसतात आणि तीच आम्हांस वैराग्यावर प्रश्न विचारतात!

आणखी एक भेद आहे. रस्त्यावरचे कुत्रे आणि घरातले कुत्रे यांचे ऋण सारखे नाही. भूतदया दोघांवर करावी. गीतेच्या पाचव्या अध्यायात समदर्शनाची गोष्ट सांगताना भगवंतांनी कुत्र्याचे नाव वगळले नाही. पण रस्त्यावरचे कुत्रे आपले अन्न शोधते, ऊन-पाऊस चुकवते, गाड्यांतून वाट काढते. घरातल्याला आपण हे काहीच येऊ दिलेले नाही. दूधभात ताटलीत, निजायला चादर, फिरायला पट्टा. त्याला परावलंबी आपण केले. आईबापांची सेवा आपल्याला जन्माने येते, कुत्र्याची आपण हौसेने ओढवून घेतो. आणि आपण होऊन घेतलेल्या ऋणाला "मला झेपत नाही" ही सबब चालत नाही. सुट्टीच्या दिवसांत गळ्यात पट्टा असलेली कुत्री हमरस्त्याकडेला भांबावून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे पाहत उभी असतात, ती आम्ही पाहिली आहेत. गाडीतून उतरवून दार लावून घेणारा मनुष्य पुढे कोणत्या क्षेत्राला जातो याच्याशी आम्हांस कर्तव्य नाही.

राहिला सोपवण्याचा विचार. धर्मशास्त्रात व्यवहाराची 18 पदे आहेत. त्यांत निक्षेप, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव, हे एक. आणि स्वामिपालविवाद, म्हणजे धनी व गुराखी यांचा वाद, हे दुसरे. दोन्ही मनूच्या आठव्या अध्यायात आहेत. तिथे विषय गुरांचा आहे, पण तत्त्व इथे जसेच्या तसे लागते. दिवसा जनावराची जबाबदारी गुराख्यावर, रात्री ते धन्याच्या गोठ्यात आले की धन्यावर. आणि रात्रीही गुराख्याकडेच असेल तर जबाबदारीही त्याचीच. गुराख्याने हयगय केली आणि जनावर हरवले, तर भरपाई त्याने द्यायची. पण चोरांनी उघड दरोडा घालून नेले आणि त्याने वेळेवर धन्याला कळवले, तर त्याला दोष नाही. जनावर आपल्या मरणाने मेले तर कान, कातडे, शेपूट अशा खुणा आणून दाखवायच्या. पाहा, किती बारीक विचार! आणि गुराख्याला वेतन आहे, दुधाच्या रूपाने का होईना. फुकट सांभाळ शास्त्राने गृहीत धरलेला नाही.

हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे शेजाऱ्याच्या गळ्यात कुत्रे घालून जाण्याची रीत पडली आहे. "दोन वेळा भाकरी टाका हो, येताना पंढरीचा प्रसाद आणतो." शेजारी संकोचाने हो म्हणतो. मनातून त्याला कुत्र्याची भीती असते, किंवा बायकोला ते घरात चालत नाही. तो दाराच्या फटीतून ताटली सरकवतो आणि निघून जातो. उपकाराला जाब विचारता येत नाही. त्यापेक्षा पनवेल-कर्जतकडे पैसे घेऊन कुत्री ठेवून घेणाऱ्या जागा आहेत, त्या बऱ्या. दिवसाला काही शे रुपये पडतात, पण तिथे विचारणा करता येते. चुरमुरे-बत्ताशांनी 20 दिवसांची मेहनत फिटत नाही. अर्थात शेजारी आवडीने करणारा असेल आणि कुत्र्याशी त्याचा लळा असेल, तर त्याच्यासारखा दुसरा नाही. मग तो पैसे नको म्हणाला तरी कुत्र्याच्या खाण्याचे व औषधाचे पैसे आधी हातावर ठेवावेत.

धन्याकडेही बंधन आहे. ठेवीतला दोष लपवू नये. कुत्रे अनोळखी माणसाला चावते, फटाक्याने बिथरते, त्याला गोचिडीचा ताप येऊन गेला आहे, हे सगळे सांभाळणाऱ्याला आधी सांगावे. पिसाळण्याविरुद्धची लस वेळच्या वेळी टोचलेली असावी आणि दाखला बरोबर द्यावा. आजारी पडले तर न विचारता पशुवैद्याकडे न्यावे, अशी मोकळीक देऊन जावे; वारीच्या वाटेवर फोन लागेलच असे नाही.

पण ठेव सोन्याची असते तेव्हा सोन्याला काही कळत नाही. इथे ठेव जिवंत आहे. शाळेसाठी परगावी ठेवलेल्या मुलाला सांगता येते की दिवाळीला न्यायला येतो. कुत्र्याला हे सांगायचे कसे? एकादशी झाली की परत येऊ, हे वचन त्याच्या कानापर्यंत पोहोचतच नाही. त्याला एवढेच कळते की दार लागले आणि पावले दूर गेली. ज्याला वचन समजत नाही त्याला दिलेले वचन बंधनकारक आहे का, असा प्रश्न एका शिकलेल्या गृहस्थांनी केला. आम्ही म्हणतो, अधिकच आहे. समजणारा मनुष्य जाब विचारील, भांडेल, चारचौघांत सांगेल. न समजणाऱ्याला साक्षीदार फक्त अंतर्यामी. शब्दाने सांगता येत नाही ते सवयीने सांगावे लागते. महिनाभर आधी त्या नव्या जागी दोन तास, मग एक रात्र ठेवावे आणि घेऊन यावे. गेलेला धनी परत येतो हे त्याला दोनतीनदा अनुभवाने कळले म्हणजे तेच त्याचे आश्वासन. त्याची रोजची चादर बरोबर द्यावी, खाणे व वेळ बदलू नये.

सरकारी कायद्याचेही थोडे सांगतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत नेट धरला आणि 1960 साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा झाला. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या सुखरूपतेची काळजी घ्यावी असे त्यात आहे. उपासमार होईल अशा स्थितीत कारणाविना प्राण्याला टाकून जाणे हा गुन्हा. सदा बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे हाही गुन्हा. मूळ कायद्यात पहिल्या अपराधाला दंड फार तर 50 रुपये लिहिला आहे. तेव्हा दंडाच्या भीतीने कुणी सुधारेल ही आशा नको.

इतके करूनही सोय लागलीच नाही तर? कुत्रे म्हातारे आहे, आजारी आहे, परक्याच्या हातचे खात नाही. अशा वेळी दोघांपैकी एकाने घरी राहावे. किंवा पायी वारीचा नेम एका वर्षापुरता बाजूला ठेवून एकाने वाखरीपासून पुढे चालावे आणि दुसऱ्याने दुसऱ्या एकादशीला जावे. नेम मोडला म्हणून कुणी घाबरू नये. आपला देव पंढरीत उभा राहिला तोच मुळी पुंडलिकाला सेवेतून सवड नव्हती म्हणून. पुंडलिकाने वीट फेकली आणि देव थांबला. आईबाप कुठे नि कुत्रे कुठे, हे आम्हांसही कळते. पण घरात एक जीव खोळंबला आहे म्हणून उशीर झाला, हे कारण या देवाला नवीन नाही.

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. मे महिन्याच्या सुट्टीत पैसे देऊन ठेवण्याच्या जागा भरून जातात, तेव्हा ज्यांना तशी व्यवस्था करायची आहे त्यांनी चैत्रातच चौकशी करावी, जागा स्वतः जाऊन पाहावी, कुत्री कितीजण सांभाळतात आणि रात्री कोण असते हे विचारावे. लस राहिली असेल तर तीही त्याच वेळी टोचून घ्यावी; निघायच्या आदल्या दिवशी नको.